प्रेक्षकांच्या शोधात फिरता तंबू

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली. शहराबाहेर ही कला नेली ती मुख्यतः फिरत्या प्रदर्शकांनी. त्यामागे व्यवहार होता. आरंभी चित्रफिती भाड्याने मिळत नसत, विकत घ्याव्या लागत. तोच खेळ एका गावी फार दिवस चालत नसे. म्हणून चित्रफीत बदलण्याऐवजी प्रदर्शक प्रेक्षक बदलीत.

अब्दुलअली युसूफअली यांनी १९०१ पासून ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा येथे आणि १९०८ ते १९१४ या काळात भारतात तंबू फिरविला. त्यात सुमारे हजार माणसे मावत. १९१४ मध्ये अर्देशिर इराणी यांच्यासह त्यांनी मुंबईत कायमचे चित्रपटगृह चालविण्यास घेतले. चित्रफिती भाड्याने मिळू लागल्यावर एकाच जागी खेळ बदलणे शक्य झाले. तरीही महाराष्ट्रातील जत्रांत ‘टूरिंग टॉकीज’चे तंबू पुढे अनेक दशके लागत राहिले.

कोहमारा ज्या झाडीपट्टीत वसले आहे, तेथे आजही दिवाळीनंतर गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहतात. अशा भागांत शिक्षक व पंचायत सदस्यांनी तंबूतील सिनेमाच्या वृद्धांच्या आठवणी वेळीच नोंदवून ठेवाव्यात. ती पिढी गेल्यावर हा इतिहास सांगणारे कोणी उरणार नाही.