कागदावरचे शिक्के

गुरांच्या बाजाराला तुम्ही गेला असाल. बैल विकायला नेला, तर घेणारा काय करतो? दात पाहतो. चालवून पाहतो. मग विचारतो, "दाखला आणलाय का?" बैल तुमचाच आहे, चोरीचा नाही, असा ग्रामपंचायतीचा कागद त्याला हवा असतो. तुमच्या गावात हा कागद कोणी मागत नाही. कोणाचा बैल कोणता, ते गावात पोराटोरांनाही ठाऊक असते. बाजारात तुम्हांला कोण ओळखतो? म्हणून तेथे कागद लागतो.

आता बाजारापेक्षा लांब जाऊ. रत्नागिरी, चिपळूण, खेड या बाजूच्या पुष्कळ गावांतली माणसे आखाती देशांत कामाला आहेत. कोणी गवंडी, कोणी ड्रायव्हर, कोणी इस्पितळात. आता घाटावरचीही जाऊ लागली आहेत. अशा एखाद्याला बायको कुवेतला न्यायची आहे. तेथल्या कचेरीत तो लग्नाचा दाखला पुढे करतो. खाली ग्रामसेवकाची सही आणि गोल शिक्का. आता सांगा, त्या कचेरीतल्या माणसाला ग्रामसेवक म्हणजे कोण, हे कसे कळावे? सही खरी की खोटी, हे त्याने कोणाला विचारावे? तो काही एस.टी.ने आपल्या गावी येणार नाही.

याला उपाय एकच. ज्याला तो ओळखतो अशा कोणी तरी आपली ओळख द्यायची. सोयरीक जमवताना आपण हेच करतो. मुलाकडचे आपल्याला ओळखत नाहीत, पण आपला मामा त्यांच्या गावच्या एकाला ओळखतो. तो एक जण मुलाच्या घरच्यांना ओळखतो. ओळख अशी हातोहात पुढे जाते. कागदाचेही तसेच आहे.

ग्रामसेवकाला, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, राज्य सरकार ओळखते. म्हणून मुंबईला मंत्रालयात राज्य सरकारने नेमलेला अधिकारी कागद तपासतो आणि आपला शिक्का मारतो. शिक्षणाच्या कागदांचा अधिकारी वेगळा असतो. राज्याच्या अधिकाऱ्याची सही दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय ओळखते. ते आपला शिक्का मारते. परराष्ट्र मंत्रालयाची सही कुवेतची वकिलात ओळखते. वकिलात म्हणजे त्या देशाची आपल्या देशातली कचेरी. ती दिल्लीत असते. कुवेतची आणि दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीची एकेक कचेरी मुंबईतही आहे. वकिलातीचा शिक्का पडला, की कागद त्या देशात जातो. तेथले परराष्ट्र खाते आपल्या वकिलातीची सही ओळखते आणि शेवटचा शिक्का देते. असा गावचा कागद कुवेतच्या कचेरीतल्या माणसापर्यंत पोचतो. त्या माणसाने शेवटचा शिक्का तेवढा ओळखायचा. बाकीचे मागच्यांनी पाहिलेले असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुष्कळ शिकलेली माणसेही येथेच चुकतात. दिल्लीचा शिक्का काय सांगतो? "हा दाखला खरा आहे," असे तो सांगत नाही. "याखाली ज्या अधिकाऱ्याची सही आहे, ती त्याचीच आहे," एवढेच तो सांगतो. दाखल्यात तुमचे नाव चुकले असेल, तर दिल्लीचा शिक्का ते सुधारत नाही. वकिलातीचाही नाही. चुकीच्या नावावर पाच शिक्के बसतात आणि ती चूक पाच शिक्क्यांसकट परदेशात जाते.

ही सगळी पायपीट कमी व्हावी म्हणून काही देशांनी मिळून एक करार केला. हॉलंड देशात हेग नावाचे शहर आहे. तेथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी तो झाला. करारात असे ठरले, की कागद ज्या देशाचा असेल त्या देशाच्या सरकारने एकाच ठरावीक नमुन्याचे प्रमाणपत्र द्यायचे, आणि करारातल्या बाकीच्या देशांनी ते मानायचे. मग वकिलातीत जायला नको. या प्रमाणपत्राला 'अपोस्टिल' म्हणतात. शब्द फ्रेंच भाषेतला आहे. जिभेला जड वाटतो, पण दोनचार वेळा म्हणा, म्हणजे येईल. चौकोनी नमुना, त्यात दहा रकाने. कोणता देश, सही कोणाची, तो कोणत्या हुद्द्यावर, शिक्का कोणत्या कचेरीचा, कोठे दिले, केव्हा दिले, नंबर काय, असे. आपल्याकडे ते चिकटपट्टीसारखे छापून कागदाच्या पाठीवर लावतात.

भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आखाती देशांपैकी ओमान २०१२ साली, बहारीन २०१३ साली आणि सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरात करारात आले. म्हणून सौदीला जाणाऱ्याला पूर्वी वकिलातीचा शिक्का घ्यावा लागे, त्याच्याऐवजी आता अपोस्टिल चालते. कुवेत, कतार आणि अमिराती मात्र करारात नाहीत. तेथे जुनी वाट. म्हणून कोणी म्हणेल, "माझ्या भावाचे काम अपोस्टिलवर झाले, तुझेही होईल," तर आधी विचारा, भाऊ कोणत्या देशात आहे? आणि ज्या कचेरीला कागद द्यायचा, तिच्याकडूनच लेखी विचारून घ्या, की कोणता कागद हवा आणि त्यावर कोणाचा शिक्का हवा. हे विचारायला पैसे पडत नाहीत.

आता मुळाकडे, म्हणजे आपल्या गावाकडे येऊ. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. दाखले लिहिले, तपासले. त्यावरून सांगतो, की कागद अडतो तो दिल्लीत क्वचितच. तो गावातल्या रजिस्टरात अडतो.

नावाचेच पाहा. आपल्याकडे आधी स्वतःचे नाव, मग बापाचे, मग आडनाव. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा. एका कागदावर 'गणपत', दुसऱ्यावर 'गणपतराव', तिसऱ्यावर 'गणू'. गावाला ठाऊक, की माणूस एकच. परदेशातल्या कचेरीला ही तीन माणसे दिसतात. इंग्रजीत तर आणखी घोटाळा. एकच आडनाव कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दोन. बायकांचे हाल तर विचारूच नका. लग्नात आडनाव बदलते, बापाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि कित्येक घरांत मुलीचे स्वतःचे नावही बदलतात. मग शाळेच्या दाखल्यावर एक बाई, लग्नाच्या दाखल्यावर दुसरी. आमचे मत विचाराल तर मुलीचे नाव बदलण्याची हौस आता सोडावी. ज्यांचे बदलले आहे, त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात रीतसर छापून घ्यावे. राजपत्राची ती प्रत दोन नावांना जोडणारा पूल आहे.

जन्मतारखेचेही तेच. जुन्या पिढीतल्या किती जणांचा जन्म १ जूनचा, कधी मोजून पाहा. एवढी पोरे एकाच दिवशी कशी जन्मली? तसे काही नाही. आई सांगायची, "आखाडात झाला, मोठा पाऊस होता." मास्तर शाळा भरण्याच्या सुमाराची तारीख धरून रजिस्टरात १ जून लिहायचे. ग्रामपंचायतीच्या किंवा तहसिलातल्या जुन्या वहीत खरी तारीख दुसरीच असते. दोन कागदांवर दोन तारखा आल्या, की परदेशी कचेरी दोन्हींकडे संशयाने पाहते.

आमच्या पाहण्यातली एक बाई आहे. नवरा आखातात गवंडीकाम करी. तो तेथेच वारला. त्याचा थकलेला पगार आणि कामाची बक्षिसी मालकाकडे येणे होती. बाईला वारस म्हणून कागद पाठवायचे होते, आणि तेथे तिच्या वतीने पैसे घेणाऱ्याला मुखत्यारपत्र द्यायचे होते. घरात दोन लहान मुले, सासू अंथरुणावर. लग्नाची नोंद मुळात केलेलीच नव्हती. मुलांच्या जन्मदाखल्यांवर तिचे सासरचे नाव होते, तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. नवऱ्याच्या पासपोर्टात आडनाव एका तऱ्हेने, रेशनकार्डावर दुसऱ्या. एक एजंट भेटला. म्हणाला, "दोन दिवसांत सगळे शिक्के मारून देतो." तिने मंगळसूत्र गहाण ठेवून त्याला पैसे दिले. शिक्के मिळाले, पण ते बनावट होते. सुदैवाने कागद बाहेर पाठवण्यापूर्वीच एका जाणत्याने ते ओळखले. बनावट शिक्क्याचा कागद तेथे दाखल झाला असता, तर पैसे राहिले बाजूला, खटला उभा राहिला असता. मग सगळे पहिल्यापासून. नावे दुरुस्त केली, राजपत्र झाले, कोर्टाकडून वारसाचा दाखला घेतला, मुखत्यारपत्र स्टॅम्पपेपरवर करून नोटरीपुढे सही केली, आणि मग एकेक शिक्का. पैसे आले, पण यायला दोन पावसाळे गेले. तेवढ्यात मोठ्या मुलाची शाळा सुटली ती सुटलीच.

असा प्रसंग आला, तर आधी त्या देशातल्या भारतीय वकिलातीला पत्र लिहावे. थकलेले येणे मिळवून देण्यात वकिलात मदत करते आणि वारसाचा कोणता कागद चालेल ते सांगते. वारसाचे दाखले निरनिराळे असतात. तहसीलदाराचा वेगळा, कोर्टाचा वेगळा. न विचारता काढलात तर दोनदा काढावा लागतो.

आता खर्चाचे आणि काही बारीकसारीक. परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिलसाठी एका कागदाला ५० रुपये घेते. मंत्रालय कागद थेट तुमच्या हातून घेत नाही. त्यासाठी त्याने काही संस्था नेमल्या आहेत. त्या आपली थोडी मजुरी वेगळी घेतात. नेमलेल्या संस्थांची नावे मंत्रालय जाहीर करते. वकिलातीची फी मात्र वेगळी, आणि ती भारी असू शकते. कोणी एकाच आकड्यात "सगळे मिळून इतके" म्हणाला, तर त्याला म्हणा, "दादा, सरकारी फी किती, तुझी किती, वेगवेगळी लिहून दे. आणि पावती दे." पावती देताना जो कचरतो, त्याच्या हाती अस्सल कागद देऊ नये.

अस्सल दाखल्याला प्लॅस्टिकचे वेष्टन लावू नका. लोक हौसेने लावतात, कागद टिकावा म्हणून. पण शिक्का मारायला आणि अपोस्टिल चिकटवायला कागदाची पाठ उघडी हवी. प्लॅस्टिक काढताना कागद फाटतो आणि मग दुसरी प्रत काढायला पुन्हा हेलपाटे. कागद जपायचा तर साध्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवावा.

दाखला नुसता मराठीत असेल, तर भाषांतर लागते. त्यातही नावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टात आहे तसेच हवे. भाषांतर करणाऱ्याच्या पुढे पासपोर्ट ठेवा आणि एकेक अक्षर बोटाने ताडून पाहा. तुम्हांला इंग्रजी येत नसले तरी हे जमते. या अक्षरासारखे ते अक्षर आहे की नाही, एवढेच पाहायचे आहे.

अपोस्टिल हाती आले, की त्यावरचा नंबर पाहा. तो नंबर घालून अपोस्टिल खरे की खोटे, हे इंटरनेटवर ताडून पाहता येते. गावातल्या एखाद्या शिकत्या पोराला सांगा. कागद परदेशी पाठवण्यापूर्वी त्याच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून घरात ठेवा. सगळे शिक्के मागच्या बाजूला असतात, आणि नेमकी तीच बाजू काढायची लोक विसरतात.