दुकान आपलं, नाव दुसऱ्याच्या खात्यात

वेबसाईट करायची म्हटलं की चर्चा रंगांची होते, फोटोंची होते, पहिल्या पानावर सतार ठेवायची की तंबोरा याची होते. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, कुणाच्या खात्यात राहणार हे कुणी विचारत नाही. आमच्या मिरजेतल्या वाद्यांच्या दुकानाला फटका बसला तो नेमका तिथे.

साईट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर घेतलं होतं. वर्षाला पैसे मागायचा, आमचे चाचा द्यायचे, साईट चालायची. पुढे त्याने धंदा बदलला, फोन लागेना. मुदत संपत आल्याच्या सूचना गेल्या त्याच्या ई-मेलवर. आम्हाला कळलं ते धारवाडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून: "तुमच्या साईटवर जुगाराच्या जाहिराती कशा?" सुटलेलं नाव भलत्यानेच उचललं होतं. बिलावर, कार्डावर, तंबोऱ्याच्या खोक्यावर तोच पत्ता छापलेला. दुकानाचा ई-मेलही त्याच नावावर बेतलेला, त्यामुळे बाहेरगावच्या चौकश्या कुठे गेल्या याचा पत्ता नाही. चाचा काउंटरवर बसून कार्डांवरची ती ओळ पेनाने खोडत होते, ते बघवत नव्हतं.

डोमेन हा साईटचा सातबारा आहे. तो आपल्याच नावावर हवा. साईट कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन कंपनीत खातं आपण उघडायचं, ई-मेल आपला, मोबाईल आपला, पावती दुकानाच्या नावाची. ई-मेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका. नाव गेलं तर सूचना येणारा मेलही बंद पडतो. डॉट कॉम आणि डॉट इन ही नावं एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतात. जमेल तेवढी जास्त वर्षं घ्या. आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर संबंध गोड आहेत तोवर 'ऑथ कोड', म्हणजे नाव हलवायचा परवलीचा शब्द, मागून नाव आपल्या खात्यात वळवून घ्या. डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या 'हूइज'मध्ये शोधलं की मालकाचं नाव झाकलेलं असलं तरी नोंदणी करणारी कंपनी आणि मुदतीची तारीख बहुधा दिसते. मुदत संपली तरी नाव लगेच सुटत नाही, सोडवून घ्यायला काही दिवस मिळतात. ते दिवस फुकट घालवू नका.

"मग साईट हवीच कशाला, फेसबुक आहे की," असं अनेक जण म्हणतात. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, सामान्य लोकांसाठीचं गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेरीस भारतात बंदी आली. तिथे जमवलेली माणसं तिथेच राहिली. म्हणून मूळ मजकूर आणि मूळ फोटो आपल्या साईटवर आणि घरच्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲपवर त्याचा तुकडा टाकावा, खाली साईटचा पत्ता द्यावा.

लिहायचं काय, हा प्रश्न मिरजेत पडायला नको. "उत्तम दर्जाची वाद्ये मिळतील" ही ओळ कुणी वाचत नाही. पण घोडीवर कानस फिरवत, तार छेडून ऐकत, पुन्हा एक हलका हात मारत कारागीर जवारी काढतो, म्हणजे तारेचा झंकार जुळवतो, तो दोन मिनिटांचा व्हिडिओ शिकणारा विद्यार्थी पुन्हा पुन्हा बघतो. भोपळा पंढरपूर भागातला का घेतात, काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्याला कोणता तंबोरा आणि काळी पाचला गाणारीला कोणता, पावसाळ्यात वाद्य कसं ठेवायचं, खोक्यात भोपळ्याभोवती काय भरायचं, हे प्रश्न गिऱ्हाईक रोज फोनवर विचारतं. त्याच उत्तरांची एकेक पानं करा. व्हिडिओत आवाज महत्त्वाचा. पंखा बंद करा आणि मागून गाणं लावू नका.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. छापखान्यातून आलेला जुन्या फॉण्टचा मजकूर साईटवर टाकला की अक्षरांचा चिवडा होतो. फ्लेक्सचं चित्र चिकटवून भागत नाही, त्यातली अक्षरं शोधणाऱ्याला नीट सापडत नाहीत. सतार आणि सितार, तंबोरा आणि तानपुरा, लोक जे शोधतात ते सगळे शब्द मजकुरात येऊ द्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, याचा अभिमान जरूर सांगा. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय जीआयचं चिन्ह आपल्या वाद्याच्या फोटोवर लावू नका.

चोरांबद्दल थोडक्यात. "तुमचं पेज बंद होणार आहे, इथे लॉगिन करा" असा मेसेज आला की हात लावायचा नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा आणि पेजला घरातला दुसरा भरवशाचा ॲडमिन ठेवा. सैन्यातला अधिकारी आहे, चार सतारी हव्यात, ॲडव्हान्ससाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका, असं सांगणारा ठगच समजा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. तरी गेलेच तर तासाभरातच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे हाताबाहेर जातात.

आज दुकान बंद करण्याआधी एवढं करा: डोमेनच्या खात्यात स्वतः लॉगिन करून बघा. पासवर्ड तुमच्याकडे नसेल, तर तो ज्याच्याकडे आहे त्याला आत्ताच फोन लावा.