प्रयोगशाळेतली ओएस आणि उत्तरांची फाईल



महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सहसा एका खरेदीत उभी राहत नाही. अनुदान येईल तशी यंत्रे येतात, आणि अमरावती-अकोल्याकडेही वेगळे चित्र नाही. एका रांगेत जुन्या बायॉसची यंत्रे, दुसरीत यूईएफआयची. कुठे साटा डिस्क, कुठे एनव्हीएमई. एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर घेतली जाते, त्यामुळे परीक्षाकेंद्र असलेल्या प्रयोगशाळेत ऐन उन्हाळ्यात प्रत्येक यंत्र सारखे आणि बिनचूक चालावे लागते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, म्हणून बरीच जुनी यंत्रे लिनक्सकडे वळवणे हाच शहाणा मार्ग उरतो. पेनड्राईव्ह घेऊन एकेका यंत्रापुढे बसून फॉरमॅट मारायची रीत चाळीस यंत्रांना पुरत नाही. वेळ जातोच, पण प्रत्येक यंत्रावर उत्तरे थोडी वेगळी पडतात, आणि पुढे कोणते यंत्र कसे बसवले हे कोणालाच सांगता येत नाही, हे जास्त वाईट.

ओएस बसवणारा प्रोग्राम ठराविक प्रश्न विचारतो: भाषा, वेळक्षेत्र, कीबोर्ड, डिस्कची विभागणी, वापरकर्ता, पासवर्ड. ही उत्तरे आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवली, की समोर माणूस लागत नाही. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ती ऑटोअनअटेंड.एक्सएमएल या नावाने असते. रेड हॅट आणि फेडोरात किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. सी-डॅकची बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवर उभी आहे, म्हणून प्रीसीड शिकलेल्याला तीही परकी वाटत नाही. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेला एफएआय हा प्रकल्प डेबियनसाठी हेच काम आजही करतो. सुरुवात किकस्टार्टने करणे सोपे: हाताने एकदा बसवले, की इन्स्टॉलर दिलेली उत्तरे रूटच्या घरात अ‍ॅनाकोंडा-केएस.सीएफजी या फाईलमध्ये आपणच लिहून ठेवतो.

एका यंत्राची डिस्क क्लोनझिला या प्रोग्रामने जशीच्या तशी इतरांवर उतरवणे ही दुसरी वाट. हुबेहूब सारख्या यंत्रांना ती चालते, आणि जलदही असते. पण नकलेबरोबर यंत्राची ओळखही उतरते. विंडोजमध्ये सिसप्रेप चालवून ती पुसावी लागते. लिनक्समध्ये मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या नव्याने कराव्या लागतात. मिश्र प्रयोगशाळेत उत्तरांची फाईलच सरस. ती वाचता येते, बदलता येते, आणि एखादा निर्णय का घेतला हे तिच्यातच टिपून ठेवता येते.

फाईल यंत्रापर्यंत पोचते ती नेटवर्कवरून, पीएक्सई या पद्धतीने. यंत्र चालू होताच डीएचसीपीकडे पत्ता मागते, त्याबरोबर बूट-फाईलचे नाव मिळते, ती टीएफटीपीने उतरते, आणि मग कर्नल व उत्तरे येतात. इथे दोन खड्डे आहेत. महाविद्यालयाच्या नेटवर्कवर आधीच डीएचसीपी असतो; दुसरा उभा केला तर कार्यालयातली यंत्रेसुद्धा भरकटतात. त्याऐवजी डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी म्हणून चालवावा: तो पत्ते वाटत नाही, फक्त बूटची माहिती देतो. दुसरे, बायॉस आणि यूईएफआय यांना वेगवेगळी बूट-फाईल लागते. यंत्र आपला प्रकार डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगते. त्यावरूनच निवड करावी.

सर्वांत जपायची गोष्ट डिस्क. साटा डिस्क लिनक्समध्ये एसडीए म्हणून दिसते, एनव्हीएमई वेगळ्या नावाने. आणि विसरून लावलेला पेनड्राईव्हही कधी एसडीए होऊन बसतो. फाईलमध्ये नाव ठोकून दिले तर एक तर काम अडते, नाही तर भलतीच डिस्क पुसली जाते. किकस्टार्टच्या प्री भागात किंवा प्रीसीडच्या अर्ली-कमांडमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून काढता न येणारी डिस्क शोधावी. अशा दोन सापडल्या तर थांबावे, अंदाज करू नये. अकराव्या पिढीच्या इंटेल यंत्रांत व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी सोय चालू असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. तिथे ड्रायव्हर आधीच मिसळून ठेवावा लागतो. यंत्रांची नावेही फाईलमध्ये ठोकून न देता मॅक पत्त्यावरून द्यावीत.

स्विच कोणता, हेही पाहावे. चाळीस यंत्रांना प्रत्येकी ३ जीबी म्हणजे १२० जीबी. गिगाबिट जोडणीवर सर्व्हरमधून हा माल बाहेर पडायला वीसेक मिनिटे लागतात. १०० मेगाबिटच्या जुन्या स्विचवर तीन तास. पॅकेजेसचा साठा प्रयोगशाळेतच ठेवावा, इंटरनेटवर विसंबू नये. मध्येच वीज गेली तर अर्धवट यंत्र पुन्हा पहिल्यापासून बसवता येते आणि कोणतेही उत्तर चुकत नाही. सर्व्हर आणि स्विच मात्र यूपीएसवर हवेत.

पीएक्सईच्या मेनूत आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी आतल्या डिस्कवरून बूट हाच असावा. पुसून बसवणे हा मूळ पर्याय ठेवला, तर वीज येऊन सगळी यंत्रे एकदम चालू होतील तेव्हा सगळी पुसली जातील. उत्तरांची फाईल नेटवर्कवर कोणीही वाचू शकतो, म्हणून पासवर्ड उघडा न लिहिता त्याचा हॅश द्यावा. विंडोजच्या फाईलमध्ये तो नुसता झाकलेला असतो, सहज उलगडतो. काम संपताच तो बदलावा.

पहिली चाचणी व्हर्च्युअल यंत्रावर घ्यावी, दुसरी प्रत्येक प्रकारच्या एकेका खऱ्या यंत्रावर, आणि मगच पूर्ण रांग हाती घ्यावी. त्याआधी यंत्रांची यादी करावी: मॉडेल, बायॉस की यूईएफआय, डिस्क, मॅक पत्ता. उत्तरांच्या फाईली आणि ही यादी गिटमध्ये ठेवून विभागाच्या ताब्यात द्यावी, म्हणजे पुढच्या तंत्रज्ञाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.