आपल्या माणसाच्या फोनवर उघडलं पाहिजे

ऐक वं माय, तुझं सगळं बोलणं मी मनावर घेतलं आहे. कॉलेजात शिकवतात ते जुनं वाटते, यूट्यूबवर रोज एक नवीन नाव निघते, आणि पुण्याच्या क्लासची फी ऐकून बाबा गप्प झाले. आता तू विचारून राहिली की अकोल्यात बसून वेबसाइट बनवायचं काम शिकता येते का, की बॅग भरायचीच? येते. मी अमरावतीत बसून हेच काम करते, म्हणून खात्रीनं सांगते. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून ठेव. आपल्या माणसाच्या साध्या फोनवर, त्याच्या भाषेत, पटकन उघडते आणि त्याचं अडलेलं काम करून देते, तीच चांगली वेबसाइट. पुढचं माझं सगळं सांगणं ह्या एका वाक्यातूनच निघते.

पहिलं म्हणजे शिकायला खोटा विषय घेऊ नको. ‘माझी पहिली वेबसाइट’ असं पान बनवून कोणाचं भलं होत नाही आणि आपणही त्यातून लवकर उठतो. खरा माणूस शोध. अमरावतीत विद्यापीठाच्या बाजूला किती अभ्यासिका आहेत, किती मेस आहेत! तुझ्या अकोल्यातही जठारपेठेत, टॉवर चौकाच्या आजूबाजूला दुकानांची कमी नाही. वरूड-मोर्शीकडचा एखादा नातेवाईक संत्रा बागायतदार असेल, उन्हाळ्यात कुरडया-शेवया करून विकणारी मावशी असेल. त्यांच्याजवळ जाऊन बस आणि एवढंच विचार, की लोक तुम्हाला फोन करून काय काय विचारतात? अभ्यासिकावाल्याला विचारतात, जागा शिल्लक आहे का, महिन्याची फी किती, कूलर आहे का, मुलींना रात्री किती वाजेपर्यंत बसता येते. बागायतदाराला व्यापारी विचारतो, अंबिया बहार की मृग बहार, झाडं किती, तोडणी कधी. ही उत्तरं म्हणजेच तुझं पहिलं पान. त्यात सरकते फोटो नको, की ‘आमच्याविषयी’चं लांबलचक भाषण नको. उत्तरं, पत्ता, आणि फोन व व्हॉट्सॲपचं बटण, झालं. व्हॉट्सॲपचा दुवा बनवणं सोपं आहे. ‘डब्ल्यूए डॉट मी’ लिहून पुढे तिरपी रेघ, मग ९१ आणि दहा आकडी नंबर.

आता शिकायचा क्रम. आधी एचटीएमएल, मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. रिॲक्ट वगैरे लायब्ररी त्यानंतर. वर्गातल्या पोट्ट्यांनी रिॲक्ट सुरू केलं म्हणून तू घाबरू नको. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी सर्न संस्थेत बनवली, १९९१ साली ती लोकांपुढे आली. सर्ननं जतन केलेली तिची प्रत आजच्या फोनवरही व्यवस्थित उघडते, कारण ते साधं एचटीएमएल आहे. साध्या पायावर उभी केलेली गोष्ट टिकते, आणि बिघडली तर दुरुस्तही लवकर होते.

साधनांसाठी एक रुपया घालवू नको. व्हीएस कोड हा एडिटर फुकट आहे, तो घे. उघडल्याबरोबर ‘फाइल’ मेनूत जाऊन ‘ऑटो सेव्ह’ सुरू कर, कारण आपल्याकडे लाईट विचारून जात नाही. मग दोन जोडण्या, म्हणजे एक्स्टेंशन, टाक. लाइव्ह सर्व्हर घेतला की तू फाइल सेव्ह केल्याबरोबर ब्राउझरमधलं पान आपोआप ताजं होते, आणि प्रेटिअर तुझा कोड नीट ओळीत लावून देते. नवीन एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की पानाचा सगळा सांगाडा तयार मिळते. त्या सांगाड्यात भाषा इंग्रजी लिहिलेली येते, ‘लँग’च्या पुढे ‘ईएन’ असं. मराठी पान असलं तर ते लगेच ‘एमआर’ कर. आणि त्यातच ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ असते, ती कधीच पुसू नको. तीच पानाला फोनच्या रुंदीत बसवते.

दुसरं साधन गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी बनवलं, आज जगभर चालते. काल चालत असलेलं पान आज काहून बिघडलं, हे गिट दाखवते आणि कालच्या जागी परतही नेते. रोज काम संपलं की कमिट, म्हणजे झालेल्या बदलांची नोंद, करायची सवय लाव आणि संदेशात नीट लिही, ‘फीचा तक्ता जोडला’, ‘फोनवर बटण मोठं केलं’. ‘चेंजेस’ एवढंच लिहिलं तर महिन्यानंतर तुलाच काही समजणार नाही. मग ते गिटहबवर पाठव. तिथं सार्वजनिक प्रकल्पाचं साधं पान गिटहब पेजेसवर फुकट प्रकाशित होते, म्हणजे होस्टिंगचा खर्च वाचला. फक्त पासवर्ड आणि कोणत्याही सेवेची गुप्त किल्ली त्यात जाऊ देऊ नको. अशा फाइलचं नाव आधीच ‘गिटइग्नोर’मध्ये टाक. चुकून गेलीच तर नुसती पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहते. किल्लीच रद्द करून नवीन घ्यावी लागते.

आता फोनचं ऐक, इथं बहुतेकांचं लक्ष नसते. तुझ्या लॅपटॉपवर घरच्या वायफायवर पान झटकन उघडते. पण धारणी-चिखलदऱ्याच्या घाटात रेंज येते-जाते, आणि बाजार समितीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा फोन जुना असते. क्रोममध्ये एफ १२ दाब, मग कंट्रोल-शिफ्ट-एम. पान फोनच्या आकारात दिसेल. ‘नेटवर्क’ टॅबमध्ये जाऊन वेग ‘थ्रीजी’ कर आणि पान पुन्हा उघड. जे दिसेल ते खरं. तिथंच लाइटहाउस आहे, ते कुठं काय जड झालं हे सांगते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे.

पान जड होते ते बहुतेक वेळा फोटोंनी. फोनमधला फोटो सरळ उचलून टाकला तर तो काही एमबींचा असते. स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालते. त्यात फोटोची रुंदी कमी कर, वेबपी प्रकारात बदल, आणि वजन दीडशे-दोनशे केबीच्या आत आण. खालच्या फोटोंना ‘लोडिंग लेझी’ लाव, म्हणजे तिथपर्यंत गेल्यावरच ते उतरतात. रंगांचंही तसंच. फिकट करड्यावर पांढरी अक्षरं लॅपटॉपवर सुंदर दिसतात, पण अकोल्याच्या उन्हात ती कोणालाच वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत निदान साडेचारास एक एवढा फरक ठेव, हे वेब सुलभतेच्या नियमांतलंच प्रमाण आहे. अक्षर १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नको. बटण अंगठ्यानं दाबता येईल एवढं मोठं असू दे.

मराठीवर मात्र जरा थांबून बोलते, कारण ह्याबाबत आपल्याकडे फार हयगय होते. इकडे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ मानला जाते. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथंच सुरू झालं आहे. अशा मुलखातल्या पोरीनं तुटक्या मात्रांची मराठी पानावर ठेवावी, हे मला पटत नाही.

पहिली गोष्ट युनिकोड. छपाईच्या दुकानातून मजकूर आला तर तो बहुतेक श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. तो तसाच चिकटवला की पानावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते, आणि फॉन्ट लावून दिसायला नीट केला तरी गूगलला तो मराठी म्हणून सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घे, मग डोळ्यांनी वाचून तपास, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात. फॉन्ट मुक्ता घे किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मोफत आहेत. मुक्ता मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या संस्थेनं बनवला आहे. दोन जाड्या पुरतात, सगळ्या मागवल्या तर पान जड होते.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ‘लाइन-हाइट’ १.६ ते १.८ ठेव, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात. ‘लेटर-स्पेसिंग’ देवनागरीला अजिबात लावू नको, शिरोरेघ तुटते. मघाशी ‘लँग’ बदलायला सांगितलं, त्याचं कारणही हेच. काही फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं असतात, ती त्या खुणेवरून लागतात. आणि अंध माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्यावरूनच मराठी आवाज निवडते.

फॉर्म बनवताना आणखी सांभाळ. मराठी कीबोर्डवर लोक आकडे देवनागरीत टाकतात. जावास्क्रिप्टमध्ये अंक तपासायची जी नेहमीची खूण आहे, ती फक्त इंग्रजी अंक ओळखते. मग बरोबर मोबाइल नंबर टाकलेल्या आजोबांना तुझं पान ‘नंबर चुकीचा’ म्हणते. आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदल, मग तपास. किंमत दाखवताना ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला ‘एमआर-आयएन’ दे, १२३४५६ चं आपोआप १,२३,४५६ होते, आपल्या लाखाच्या पद्धतीनं. नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं चालतील अशी अट घालू नको. आणि नाव लांब आहे म्हणून कोडनं मधूनच कापू नको. ‘क्षमा’ हे दोन अक्षरांचं नाव संगणक पाच खुणांचं मोजते, मधेच कापलं की लोंबता हलन्त उरू शकते.

शिकायचं कुठून, तर मोझिलाचं एमडीएन हे संदर्भासाठी आणि फ्रीकोडकॅम्प सरावासाठी. दोन्ही फुकट. इंग्रजी जड गेलं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे पाठ बघ. अनेक विषयांचे पाठ मराठीतही आहेत. आपलं पान डब्ल्यू३सीच्या व्हॅलिडेटरमध्ये टाकून बघायची सवय लाव, न मिटलेला टॅग तो ओळीच्या क्रमांकासह दाखवते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरातली चूक आली की पान बंद करून रडायचं नाही. ती ओळ शेवटपर्यंत वाचायची, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक तिथंच लिहिलेला असते.

एआयला विचारायला माझी ना नाही. पण आधी स्वतः करून बघ, मग विचार, आणि आलेली प्रत्येक ओळ काय करते हे तुला सांगता आलं पाहिजे. त्याची मराठी तर कायम तपासून घे. आणि ग्राहकांची नावं-नंबर त्यात टाकू नको, ते आपल्या भरवशावर दिलेले असतात.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण पोरींना हे कोणी सांगत नाही. पहिलं काम ओळखीत फुकट कर, दुसऱ्यापासून पैसे घे. काम सुरू करायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, की पानं किती, मजकूर आणि फोटो कोण देणार, बदल किती वेळा करून देणार, रक्कम किती. अर्धी रक्कम आधी. डोमेन ग्राहकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवरच घ्यायचं, तू त्याला अडवून ठेवायचं नाही. डोमेनचा पहिल्या वर्षाचा भाव कमी दाखवतात आणि नूतनीकरणाचा जास्त असते, हे त्याला आधीच सांग. आपल्या गावात नाव एकदा गेलं की परत येत नाही.

आणि जपून राहा. आधी पैसे भरा मग इंटर्नशिप देतो, असं कोणी म्हटलं तर तिथूनच परत फिर. काम देणारा पैसे देते, मागत नाही. तुझ्या स्वतःच्या पानावर घरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकू नको, कामासाठी वेगळा ईमेल ठेव. नवीन ग्राहकाला भेटायचं तर दिवसा, त्याच्या दुकानात, आणि सोबत मैत्रीण किंवा दादा असू दे. यात भित्रेपणा काही नाही.

घरी म्हणत असतील, ‘पोरगी दिवसभर लॅपटॉप घेऊन बसते.’ त्यांच्याशी वाद घालू नको. बाबांच्या फोनवर तू बनवलेलं पान उघडून दे आणि त्यांनाच बटण दाबू दे. कुठं अडले ते बघ, तेवढी दुरुस्ती कर. ह्याच्यापेक्षा चांगली परीक्षा कोणत्याच क्लासात होत नाही.

पुण्याला जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण हात रिकामे घेऊन जाऊ नको. चालू असलेली तीन-चार खरी पानं, त्यांचा गिटहबवरचा इतिहास आणि ती वापरणारी माणसं घेऊन जा, मग मुलाखतीत इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालते. त्याची सुरुवात ह्याच आठवड्यात कर. एक माणूस निवड, त्याला लोक काय विचारतात ते वहीत लिहून घे, आणि रविवारपर्यंत एक पान चालू करून त्याचा दुवा मला पाठवजो. मी माझ्या फोनवर उघडून बघते आणि काय खटकलं ते खरं खरं सांगते.