निकॉनला सागाची मूठ

निकॉन एफएम-टू हा कॅमेरा 1982 ते 2001 असा जवळजवळ वीस वर्षं बनत राहिला, पण त्याला मूठ अशी कधी मिळालीच नाही. समोरची बाजू सपाट, नुसत्या बॉडीचं वजन 540 ग्रॅम, वर लेन्सचा भार वेगळा. थंड हवेत हे खपून जातं. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा डहाणूत तळहाताचा घाम वाळत नाही आणि कॅमेरा बोटांतून सरकत राहतो. तारप्याचा नाच अंधार पडता पडता 1/30 सेकंदाला टिपायचा तर पकड घट्टच हवी. म्हणजे मूठ लावावीशी वाटणं रास्तच. ती कशी लावू नये, हे मला माझ्या कॅमेऱ्याच्या आधीच्या मालकाने दाखवून दिलं.

त्या गृहस्थांनी उजव्या बाजूला इपॉक्सी पुट्टी थापून, बोटांचे खळगे पाडून, वर काळा रंग मारला होता. हातात अशी झकास बसायची की मी त्यासाठीच तो घेतला. रोल भरायला गेलो तर मागचं दार अर्ध्यावरच अडलं. या दाराची बिजागरी उजव्या कडेला असते आणि पुट्टी नेमकी तिथवर वळवलेली. सेल्फ-टायमरचा खटका निम्मा गाडलेला. पुढे दुरुस्तीसाठी मुंबईला नेला, तर तळाचा पत्रा काढायला स्क्रूच सापडेनात. त्यांची डोकी पुट्टीखाली. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत लेदरेटखालीही स्क्रू दडलेले असतात, तेही बंद. कारागिराने दाताच्या डॉक्टरसारखं कोरत कोरत सगळं मोकळं केलं. मूळ बिघाड किरकोळ निघाला, मजुरी गेली ती खोदकामाची.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की मूठ कॅमेऱ्याला चिकटवायची नाही, कॅमेरा मुठीवर बसवायचा. तळाशी ट्रायपॉडसाठी आटे पाडलेलं भोक असतं, तेवढं पुरतं. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी कापून घ्यायची, ती कॅमेऱ्याखाली बोल्टने धरायची आणि तिच्या उजव्या टोकावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा. पट्टी आणि तळाच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे ओरखडे नाहीत.

खरी गोम बोल्टमध्ये आहे. दुकानात गेलात की सहा एमएमचा बोल्ट पुढे येतो. तो भोकात शिरतो, एखाद-दोन फेरे फिरतोही, आणि मग अडतो. आपण पाना लावून जोर केला की कॅमेऱ्याचे आटे गेलेच. ट्रायपॉडचं माप पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर, आणि इंचाला 20 आटे. सुताराच्या भाषेत ‘दोन सुताचा बोल्ट’ मागा, आणि मिळेल तो आधी जुन्या ट्रायपॉडच्या स्क्रूशी आट्याला आटा लावून बघा. लांबीही मोजा. भोक जेमतेम चार-पाच मिलिमीटर खोल असतं. तीनची पट्टी, एकचं रबर, तर डोक्याखाली आठ मिलिमीटर पुरे. त्याहून लांब असला तर तो आतून बुडाला रेटा देतो.

एफएम-टूच्या तळाला बॅटरीचं झाकण आणि रोल गुंडाळताना दाबायचं बटणही आहे. पट्टीत त्यांना जागा सोडली नाही, तर रोल संपला की भर जत्रेत पाना शोधत बसाल. म्हणून तळ बटर पेपरवर पेन्सिलीने गिरवून घ्या आणि सुताराला कागद द्या. कॅमेरा नेऊ नका. रंध्याखालचा भुसा शटरच्या पात्यांना चालत नाही. मापासाठी 142 बाय 90 मिलिमीटरचा लाकडी ठोकळा कॅमेऱ्याच्या जागी ठेवा, त्याला कणकेचा गोळा लावून मुठीत दाबा. आपल्या हाताचा आकार आपोआप उतरतो.

माझं लाकूड तलासरीच्या एका सुताराकडे दाराच्या चौकटीतून उरलेलं सागाचं. खैर मजबूत खरा, पण अंगाने जड. पॉलिशच्या मोहात पडू नका. घामट हातात ते गुळगुळीत होतं. जवसाचं तेल दोन-तीनदा चोळलं की बास. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा. पावसाळ्यात मूठ काढून ठेवा, बोर्डीकडची खारी, दमट हवा रबराखाली साचून राहते.

आणि अंगठ्यासाठी वेगळा टेकू करू नका. रोल पुढे सरकवायचा लिव्हर थोडा बाहेर ओढल्याशिवाय या कॅमेऱ्याचं बटणच दबत नाही. त्या बाहेर आलेल्या लिव्हरमागे अंगठा छान विसावतो. निकॉनची एमडी-12 मोटर मिळाली तर तिची मूठ आयती येते, पण तिला आठ पेन्सिल सेल लागतात आणि मनगटाला ते जाणवतात.

तुमच्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यावर कुणी आधीच पुट्टी थापली असेल, तर हेअर ड्रायरने तापवून किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून ती काढायला जाऊ नका. आहे तशीच जाणत्या कारागिराकडे द्या आणि मजुरी आधी ठरवून घ्या.