बीजांडकोशातील ‘गाठी’ : समज आणि वस्तुस्थिती

काही दिवसांपूर्वी कार्यालयीन कामानिमित्त हैदराबादला जाण्याचा योग आला. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात असल्याने त्या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. काचीगुडा भागात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे उतरलो होतो. तिची १९ वर्षांची मुलगी, एरवी मामा आला म्हणजे घर डोक्यावर घेणारी, त्या रात्री पानावर बसली नाही. जेवणे आटोपल्यावर बहिणीने कपाटातील साड्यांच्या घडीखालून एक फाईल काढली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “दादा, कुणाजवळ बोलू नकोस. स्थळे यायला लागली आहेत.”

मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. हनुवटीवर राठ केस दिसू लागले होते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पी.सी.ओ.डी.’ अशी अक्षरे होती. कागद पाहून कुणीसे सांगितले होते की, पोटात गाठी आहेत, लवकर लग्न उरकून टाका, सर्व सुरळीत होईल. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून प्रश्न आला, “मामा, मला मूल होणारच नाही का?”

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. पुढे जाणत्या डॉक्टरांना विचारून व या विषयावरील मार्गदर्शक सूचना वाचून जे उमगले, ते येथे मांडत आहे. प्रश्न त्या एका घरापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयाच्या शंभर स्त्रियांपैकी १० ते १३ जणींना हा विकार असतो, आणि त्यांपैकी पुष्कळजणींना तो आहे हे ठाऊकही नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत हे प्रमाण, कोणता निकष लावला त्यानुसार, ७.२ टक्क्यांपासून १९.६ टक्क्यांपर्यंत आढळले.

विकाराचे पूर्ण नाव ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’, अर्थात पी.सी.ओ.एस. आपल्याकडे पी.सी.ओ.डी. हे नाव अधिक रूढ आहे. शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले. त्यांना बीजांडकोश मोठे झालेले व लहान लहान पुटींनी भरलेले दिसले, म्हणून नावात ‘सिस्ट’ हा शब्द शिरला आणि तोच पुढे भीतीचे मूळ ठरला. वस्तुतः या गाठी नव्हेतच. दर महिन्याला बीजांडकोशात अनेक सूक्ष्म बीजपुटिका वाढू लागतात, त्यांपैकी बहुधा एकच पक्व होते आणि तिच्यातून स्त्रीबीज बाहेर पडते. या विकारात ही वाढ मध्येच खुंटते. २ ते ९ मिलिमीटर आकाराच्या या अर्धवट वाढलेल्या पुटिका सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. त्या कापून काढाव्या लागत नाहीत आणि तो कर्करोगही नव्हे. नाव दिशाभूल करणारे असल्याने ते बदलावे, अशी शिफारस अमेरिकेतील एका तज्ज्ञमंडळाने २०१२ सालीच केली होती.

वाढ का खुंटते? पुष्कळ रुग्णांत याचे एक कारण इन्सुलिनमध्ये सापडते. रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. काही शरीरांत पेशी इन्सुलिनला लवकर दाद देत नाहीत. दार उघडत नाही म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन पाठवू लागते. या वाढीव इन्सुलिनच्या प्रभावाने बीजांडकोश पुरुषी संप्रेरके जादा प्रमाणात तयार करतात. ही संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडीफार असतातच, पण ती वाढली की बीजाचे पक्व होणे लांबते, चेहऱ्यावर केस व मुरुमे येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात. मानेवर व काखेत त्वचा काळवंडून मखमलीसारखी जाड होते, तीही बहुधा वाढीव इन्सुलिनचीच खूण. माझी बहीण कित्येक महिने मुलीची मान बेसन लावून घासत होती आणि ‘नीट आंघोळ करत जा’ म्हणून रागावत होती. अशा आया गावोगाव असतील.

विकाराची प्रवृत्ती घराण्यातून येऊ शकते. लठ्ठपणामुळे तो बळावतो, परंतु सडपातळ मुलींनाही तो होतो. मुलीने काही चुकीचे केले म्हणून तो जडला, असे समजणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

निदानाच्या बाबतीत मात्र घाई फार होते. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीन गोष्टींपैकी दोन आढळाव्या लागतात : पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य (लक्षणांवरून किंवा रक्ततपासणीवरून) आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र. शिवाय थायरॉइडचा दोष, प्रोलॅक्टिनची वाढ यांसारखी अन्य कारणे नाहीत, याची खात्री करावी लागते. नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावरून निदान पक्के होत नाही. विशेषतः पहिली पाळी येऊन आठ वर्षे झालेली नसतील, तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशातही असे चित्र दिसते. भाचीची पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली होती, म्हणजे अवघी सहा वर्षे झाली होती. पुढे रीतसर तपासण्या झाल्या. थायरॉइड निर्दोष निघाले. अनियमित पाळी व वाढलेली संप्रेरके या दोहोंवरून निदान कायम राहिले, परंतु ज्या कागदाने घर हादरले होते, त्या कागदावरून नव्हे.

निदान झाल्यावर रक्तदाब मोजून घ्यावा, तसेच ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केली जाणारी साखरेची तपासणी व रक्तातील चरबीची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. या विकारात पुढे मधुमेहाचा धोका वाढतो आणि आपल्या देशात तर तो लहान वयातच गाठतो. पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ आली नाही, तर ‘कटकट टळली’ असे मानून स्वस्थ बसू नये. गर्भाशयाचे अस्तर दीर्घकाळ साचत राहिले, तर उतारवयात त्याच्या कर्करोगाची शक्यता वाढते. अशा वेळी पाळी नियमित आणणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. त्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यावयाच्या नव्हेत. रक्तदाब, अर्धशिशी, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती यांचा विचार करूनच डॉक्टर त्या देतात. काहींना मेटफॉर्मिन लागते. चेहऱ्यावरचे केस कमी होण्यास निदान सहा महिने द्यावे लागतात. तोवर ते काढून टाकण्यास हरकत नाही. काढल्याने ते अधिक दाट उगवतात, ही समजूत निराधार आहे.

औषधाइतकेच महत्त्व आहार व हालचालीचे. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी पुष्कळजणींची पाळी सुधारते. म्हणजे ७० किलोच्या मुलीने साडेतीन ते सात किलो घटवावयाचे, पन्नाशीवर यावयाचे नाही. यासाठी उपाशी राहणे हा मार्ग नव्हे. भाचीने रात्रीचे जेवण सोडले होते आणि दुपारी मैत्रिणींबरोबर इराणी चहा व उस्मानिया बिस्किटांवर ती भूक भागवीत होती! याच हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे लहानशा चौकशी केंद्राच्या रूपाने सुरू झालेली ही संस्था नंतर येथे आली. तिच्या २०२४ च्या सूचनांनुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा, आणि डाळी, भाज्या यांचा वाटा वाढावा. आपल्या ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचा ओहोळ असतो, ते प्रमाण बदलावयाचे आहे. ज्वारीची भाकरी तेलंगणात ‘जोन्न रोट्टे’ म्हणून तितकीच घरची आहे. ती उत्तमच, परंतु तीही पिष्टमयच. तेव्हा पाच भाकऱ्या आणि चमचाभर पालेभाजी, याने काही साधणार नाही. प्रौढ स्त्रीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. शाळकरी मुलींना रोज तासभर खेळ हवा. पाळीची कटकट म्हणून मुलींना कबड्डी-खोखोतून वगळणाऱ्या शिक्षकांनी याचा अवश्य विचार करावा.

आता त्या प्रश्नाकडे. या विकारात स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडल्याने गर्भधारणेस विलंब होऊ शकतो. परंतु बहुतेक स्त्रिया माता होतात, काही उपचाराविना तर काही स्त्रीबीज पक्व करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांच्या साहाय्याने. गर्भारपणी मधुमेह व रक्तदाबाकडे अधिक लक्ष ठेवावे लागते, एवढेच. उलट, पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत, अशा समजुतीत राहणेही चूक. लग्न हा मात्र या विकारावरील उपचार नव्हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला ‘औषध’ म्हणून बोहल्यावर उभी करण्याचा सल्ला वैद्यकशास्त्रात कोठेही नाही. या मुलींत खिन्नता व चिंता अधिक आढळते, म्हणून त्यांच्या मनाचीही विचारपूस करण्याची सूचना डॉक्टरांना दिलेली आहे. फाईल साड्यांखाली दडविल्याने ही खिन्नता किती वाढत असेल, हे त्या रात्री मी पाहिले.

खेड्यातील मुलींनी यासाठी थेट शहर गाठण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून राबविला जात असून त्याखाली किशोरवयीनांसाठी सल्ला-केंद्रे चालतात. आशाताईंना विचारल्यास जवळचे केंद्र कळते. जाताना गेल्या सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि बहुतेकींना उत्तर आठवत नाही.

गेल्या महिन्यात बहिणीचा दूरध्वनी आला. भिंतीवरील दिनदर्शिकेवर आता तांबड्या शाईने खुणा होतात. पूर्वी नव्वद दिवसांनी येणारी पाळी एकदा ४१ दिवसांनी, मग ३८ दिवसांनी आली. स्थळांचा विषय पदवी होईपर्यंत बहिणीने बाजूला ठेवला आहे, मेहुण्यांना ते अजून तितकेसे पटलेले नाही. भाचीनेही दोन शब्द बोलून घेतले. रात्रीच्या भाकऱ्या सध्या तीच थापते. “मामा,” ती म्हणाली, “अजून गोल येत नाहीत.”