क्योटो करार आणि कॅनडाची माघार : एक अभ्यास

आंतरराष्ट्रीय कायदा हा खऱ्या अर्थाने कायदा आहे काय, हा राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एक जुना प्रश्न आहे. ऑस्टिनने कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा अशी व्याख्या केली आणि राष्ट्राराष्ट्रांतील नियमांना कायद्याच्या पंक्तीतून उठवून नीतिनियमांच्या पंक्तीत नेऊन बसविले. परीक्षेत हा प्रश्न वरचेवर येतो आणि विद्यार्थी दोन्ही बाजू पाठ करून लिहितात. शेवटी 'सत्य या दोहोंच्या मध्ये आहे' असे म्हणून मोकळे होतात. मला स्वतःला हा प्रश्न तात्त्विक चर्चेपेक्षा एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणाने अधिक उलगडतो असे वाटते. असे एक उदाहरण कॅनडाने घालून दिले आहे. क्योटो करारातून रीतसर बाहेर पडलेले जगातील ते एकमेव राष्ट्र होय.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. कोळसा, तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने हवेत कर्बद्विप्राणिल वायू साठत जातो व पृथ्वीचे तापमान वाढते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याचा विस्तार येथे नको. १९९२ साली रिओ येथे याविषयीची मूळ संधी झाली. तिच्यात सदिच्छा होत्या, आकडे नव्हते. ते आकडे ११ डिसेंबर १९९७ रोजी जपानमधील क्योटो येथे ठरले. प्रगत राष्ट्रांनी २००८ ते २०१२ या पाच वर्षांतील आपले सरासरी उत्सर्जन १९९० च्या पातळीच्या खाली आणावयाचे, आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा. कॅनडाच्या वाट्याला सहा टक्क्यांची घट आली. भारत, चीन यांसारख्या विकसनशील देशांवर असे बंधन घातलेले नव्हते, कारण हवेत आधीच साठलेला वायू मुख्यतः इतरांचा होता.

कॅनडाने हा करार अनिच्छेने पत्करला असे कोणी म्हणू शकणार नाही. पर्यावरणाच्या आंतरराष्ट्रीय कार्यात हा देश मोठ्या उत्साहाने पुढे असे. ओझोनच्या थराचे रक्षण करणारा १९८७ चा करार माँट्रिअलमध्ये झाला. १९८८ च्या जून महिन्यात टोरोंटोला भरलेल्या परिषदेने कर्बवायूचे उत्सर्जन २००५ पर्यंत वीस टक्क्यांनी घटवावे अशी हाक दिली होती. रिओ परिषदेचे सरचिटणीस मॉरिस स्ट्राँग हेही कॅनडाचेच. डिसेंबर २००२ मध्ये तेथील लोकसभागृहाने ठराव केला आणि १७ डिसेंबरला क्रेत्येन सरकारने कराराचे अनुसमर्थन केले. १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार अमलात आला, आणि त्याच वर्षाअखेर करारातील राष्ट्रांची पहिली बैठक भरली तीही माँट्रिअललाच. तिचे अध्यक्ष, कॅनडाचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री स्तेफान दिओं, यांनी आपल्या कुत्र्याचे नावही क्योटो ठेवले होते. एवढे प्रेम इतर कोणत्याही कराराच्या वाट्याला आल्याचे माझ्या वाचनात नाही!

परंतु सह्या करणारे हात आणि कारखाने चालविणारे हात वेगळे असतात. १९९० साली कॅनडाचे उत्सर्जन सुमारे ५९ कोटी टन होते. ते साडेपंचावन्न कोटींच्या आसपास यावयास हवे होते. २००९ मध्ये, म्हणजे जागतिक मंदीच्या वर्षीसुद्धा, ते ६९ कोटी टन भरले. १९९० पेक्षा सुमारे सतरा टक्क्यांनी जास्त. याची कारणे गुंतागुंतीची आहेत. लोकसंख्या वाढली, अंतरे प्रचंड, थंडी कडाक्याची. मात्र सर्वांत बोलके कारण आल्बर्टा प्रांतात सापडते. तेथे अथाबास्का नदीच्या परिसरात जमिनीखाली डांबरासारखे घट्ट तेल वाळूत मिसळलेले आहे. ते वरच्या थरात असेल तर खाणीसारखे खणून काढतात, खोल असेल तर जमिनीत वाफ सोडून पातळ करतात, आणि ती वाफ करण्यासाठी नैसर्गिक वायू जाळतात. म्हणजे ते तेल मोटारीच्या टाकीत पोहोचण्यापूर्वीच बराच धूर होऊन गेलेला असतो. हे तेल विकत घेणारा मोठा शेजारी म्हणजे अमेरिका. तिने क्योटोवर सही केली होती, पण अनुसमर्थन कधीच केले नाही. २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांनी करार झिडकारला. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. अमेरिका क्योटोतून 'बाहेर पडली' असे आपण सैलपणे म्हणतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने ती आत आलेलीच नव्हती. कॅनडा आत होता. म्हणूनच त्याचे उदाहरण अभ्यासनीय ठरते.

२००६ च्या आरंभी स्टीफन हार्पर यांचे सरकार आले. त्याला क्योटोविषयी आस्था नव्हती आणि ते त्याने लपविलेही नाही. परंतु सरकार अल्पमतातील होते. विरोधी पक्षांनी एकत्र येऊन जून २००७ मध्ये एक खाजगी विधेयक मंजूर करून घेतले. त्याप्रमाणे कॅनडा आपले क्योटोचे बंधन पाळील अशी योजना सरकारने दरवर्षी सादर करावयाची होती. सरकारने योजना सादर केली आणि तीतच सांगून टाकले की, हे लक्ष्य आम्ही गाठणार नाही. पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या. २००८ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने निर्णय दिला की, योजना पुरेशी आहे की नाही हे पाहणे संसदेचे काम, न्यायालयाचे नव्हे. वरच्या न्यायालयातही तो निर्णय टिकला. कायदा होता, पण त्याला धार नव्हती.

मे २०११ मध्ये हार्पर यांना पूर्ण बहुमत मिळाले. त्या वर्षअखेर दरबान येथे हवामान परिषद भरली. कॅनडा करार सोडणार अशी कुजबुज आधीपासून होती. परिषदेत विकसनशील देशांनीही बंधने स्वीकारावीत असा आग्रह कॅनडाचे मंत्री धरीत होते. तेव्हा भारताच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी त्यांना सुनावले की, ज्यांनी सह्या केल्या, अनुसमर्थन केले, ते साधा निरोपही न घेता चालले आहेत, आणि बोट मात्र दुसऱ्यांकडे दाखवीत आहेत. परिषद संपली आणि दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबर २०११ रोजी, पर्यावरणमंत्री पीटर केंट यांनी ओटावात माघारीची घोषणा केली. त्यांचे म्हणणे असे : लक्ष्य गाठावयाचे तर कॅनडाच्या रस्त्यांवरील प्रत्येक वाहन काढून टाकावे लागेल, किंवा सगळी शेती बंद करून घरादारांची ऊब तोडावी लागेल, नाहीतर चौदा अब्ज डॉलर परदेशी द्यावे लागतील, म्हणजे दर कुटुंबामागे सोळाशे.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. करारात कमी पडलेले टन दुसऱ्या देशाकडून विकत घेण्याची सोय होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने बंद पडल्यामुळे रशिया व युक्रेन यांच्याकडे विकण्याजोगे टन आपोआप शिल्लक राहिले होते. त्यांना पैसे देऊन हवा काडीइतकीही स्वच्छ होणार नव्हती. तथापि, त्याच सोयीखाली विकसनशील देशांतील प्रकल्पांकडूनही टन घेता येत होते, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या काही पवनचक्क्या त्या यादीत होत्या. जपानने असे टन विकत घेऊन आणि जंगलांनी शोषलेल्या वायूचा हिशेब धरून आपला शब्द पाळला. शिवाय वाहने काढून टाकण्याची वेळ २०११ साली आली, कारण त्यापूर्वीची नऊ वर्षे नुसती गेली. आणि त्यांतील पहिली तीन वर्षे तर करारावर प्रेम करणाऱ्यांच्याच राजवटीतील होती, हेही सांगितले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कॅनडाने करार मोडला काय? माझे उत्तर असे की, नाही; आणि चिंतेची गोष्ट नेमकी हीच आहे. कराराच्या २७ व्या कलमात बाहेर पडण्याची वाट आखून ठेवलेली होती. करार लागू झाल्यापासून तीन वर्षे लोटल्यावर कोणत्याही राष्ट्राने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना लेखी सूचना द्यावी; ती पोहोचल्यापासून एका वर्षाने ते राष्ट्र मोकळे होते. कारण देण्याची गरज नाही. कॅनडाची सूचना १५ डिसेंबर २०११ रोजी पोहोचली. माघार १५ डिसेंबर २०१२ रोजी अमलात आली. पाच वर्षांची मुदत संपत होती ३१ डिसेंबर २०१२ रोजी. म्हणजे हिशेबाची वही मिटण्यास सोळा दिवस उरले असता खातेदाराने आपले नावच वहीतून काढून घेतले.

आपल्याकडील पतपेढीच्या व्यवहाराशी याची तुलना करून पाहावी. सभासदाच्या डोक्यावर कर्ज असताना त्याने राजीनामा दिला, तर तो मंजूर होत नाही; आधी बाकी भरा, मग जा. गावच्या पतपेढीला सुचलेली ही साधी अट क्योटोच्या २७ व्या कलमात नाही. बाहेर पडणाऱ्याने थकबाकी चुकती करावी असा शब्द तेथे शोधूनही सापडत नाही.

उलट दंडाची तरतूद पाहा. जे राष्ट्र कमी पडेल त्याच्या पुढील मुदतीच्या वाट्यातून, तुटलेल्या प्रत्येक टनामागे १.३ टन कापून घ्यावयाचे, असा नियम होता. ऐकावयास कडक, परंतु त्यात दोन भोके होती. पुढील मुदत स्वीकारलीच नाही तर कापणार कशातून? आणि कराराच्या १८ व्या कलमाप्रमाणे बंधनकारक दंडासाठी करारातच दुरुस्ती व्हावयास हवी होती; ती न होता दंडाचा नियम राष्ट्रांच्या बैठकीतील ठरावाने केला गेला. त्यामुळे तो कितपत बांधतो याविषयीही वाद होता.

येथे जपान आणि रशिया यांच्याशी तुलना उद्बोधक आहे. त्यांनीही दुसऱ्या मुदतीत, म्हणजे २०१३ ते २०२० या काळात, लक्ष्य घेण्यास नकार दिला. पण ते करार सोडून गेले नाहीत. पुढचे नको एवढाच कॅनडाचा हेतू असता तर त्यालाही तसेच राहता आले असते. तो गेला, कारण राहिला असता तर मागचा हिशेब झाला असता आणि जगापुढे थकबाकीदार म्हणून त्याचे नाव लागले असते. दंड वसूल होवो वा न होवो, ती नोंद झाली असती. माझ्या मते क्योटोच्या सर्व यंत्रणेत जर काही खरी शक्ती असेल तर ती या नोंदीत होती, आणि कॅनडाच्या सरकारने भीती बाळगली ती याच गोष्टीची. ऑस्टिनच्या चाहत्यांनी याचा विचार करावा. ज्या नियमामागे कोणतीही सत्ता नाही, त्याच्या निवाड्यातून सुटण्यासाठी एक प्रबळ राष्ट्र एवढी धावपळ का करील?

तुवालुसारख्या समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेल्या बेटाच्या प्रतिनिधीने मात्र या माघारीला आपल्या भविष्याचा घातपात म्हटले. ते बेट या भानगडीत पडले नव्हते, पण वहीतून नाव गेले तरी टन हवेतच राहिले.

कॅनडात एक शेवटचा प्रयत्न झाला. कायद्याचे प्राध्यापक व माजी खासदार दानिएल त्युर्प यांनी माघारीला न्यायालयात आव्हान दिले. २००७ चा संसदेचा कायदा अस्तित्वात असताना सरकार परस्पर करार कसा सोडू शकते, असा त्यांचा सवाल होता. १७ जुलै २०१२ रोजी संघीय न्यायालयाने तो फेटाळला. करार करणे व सोडणे हा राजमुकुटाचा, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाचा, विशेषाधिकार आहे आणि संसदेने तो स्पष्ट शब्दांत काढून घेतलेला नाही, असा निर्णयाचा आशय होता. त्यापूर्वीच जूनमध्ये अर्थसंकल्पाशी निगडित अशा एका अवाढव्य विधेयकात घालून तो २००७ चा कायदाही रद्द करण्यात आला होता.

२०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी हा अनुभव सर्वांसमोर होता. त्यातून काय घेतले गेले? आकडे वरून न लादता प्रत्येक राष्ट्राने आपले आपण ठरवावे असे झाले, आणि १५ व्या कलमातील समिती दंड न करणारी ठेवली. दंडाच्या भीतीने कोणी पळू नये हा विचार योग्यच होता. परंतु बाहेर जाण्याची वाट २८ व्या कलमात जवळजवळ शब्दशः तशीच राहिली. तीन वर्षे आणि मग एक वर्ष. ४ नोव्हेंबर २०१६ रोजी करार अमलात आला. अमेरिकेने ४ नोव्हेंबर २०१९ ला, म्हणजे पहिल्याच शक्य दिवशी, सूचना दिली. ती ४ नोव्हेंबर २०२० ला बाहेर गेली, १९ फेब्रुवारी २०२१ ला परतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सूचना देऊन २७ जानेवारी २०२६ पासून पुन्हा बाहेर गेली. दंड काढून टाकल्यावरही माणसे दारातून जातात असे यावरून दिसते. तेव्हा दोष केवळ दंडाचा नव्हता, हे मान्य करावे लागेल. घरातील निवडणूक बदलली की करार बदलतो, आणि याला उपाय करारापेक्षा त्या त्या देशाच्या घटनेत शोधावा लागतो.

या दृष्टीने आपल्या घटनेकडे पाहिले तर स्थिती कॅनडाहून फार निराळी नाही. भारताने २६ ऑगस्ट २००२ रोजी क्योटो व २ ऑक्टोबर २०१६ रोजी पॅरिस करार स्वीकारला, तो कार्यकारी मंडळाच्या अधिकारात. त्यासाठी संसदेची मंजुरी घटनेने आवश्यक ठरविलेली नाही. ५१ व्या कलमात करारांविषयी आदर वाढवावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे, पण मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात जाता येत नाही. २५३ व्या कलमाने करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा स्टॉकहोम परिषदेच्या निर्णयांचा आधार घेऊन त्याच अधिकारात झाला. मग उद्या सरकारने असा एखादा करार सोडला, तर त्याच्या आधारावर झालेल्या कायद्याचे काय? एम.ए.च्या विद्यार्थ्यांपैकी कोणी लघुप्रबंधासाठी विषय शोधत असेल, तर त्याने त्युर्प खटल्याचे निकालपत्र आणि आपले २५३ वे कलम शेजारी शेजारी ठेवून वाचावयास घ्यावे.